पहिला स्वतःचा बारा चाकी ट्रक घ्यायचा आहे, आधी काय काय बघू?

शिरोळचा_चालक
नमस्कार मंडळी. मी अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर आहे. पहिली दोन वर्षं क्लीनर होतो, मग सहा चाकी चालवली, आणि गेली पाच वर्षं दहा चाकीवर आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग (फाउंड्रीतला ओतीव लोखंडी माल) भरायचं, पुण्याजवळ चाकणला उतरवायचं आणि परत यायचं. महिन्याला नऊ-दहा खेपा होतात. पगार २२ हजार, भत्ता वेगळा.

आता स्वतःची गाडी घ्यावी असं मनात आहे. नवीन बारा चाकी, हौदा बांधून, पासिंग, विमा सगळं धरून ४३ लाखांवर जाते. ३५ लाख कर्ज मिळेल असं शोरूमवाले म्हणतात. ८ लाख माझे घालायचे. त्यातले ५ साठवलेले आहेत, ३ लाखांसाठी आईने पाटल्या आणि बायकोने गंठण काढून ठेवलं आहे. म्हणूनच विचारतोय, घाई करायची नाही.

कंपनी कुठली घ्यावी, किती हॉर्सपॉवर लागेल, नवीन घ्यावी का जुनी, आणि दहा चाकी की बारा चाकी, हे सांगा. ज्यांनी गाडी चालवून नाही तर पाळून बघितली आहे त्यांनी तर नक्की लिहा.

वारणाकाठ
माझ्या २६ वर्षांत एकूण सात गाड्या झाल्या. आता दोन आहेत. तुम्ही कंपनी विचारताय, ते सगळ्यात शेवटी बघायचं. आधी एवढंच सांगा: चाकणहून येताना गाडीत काय असतं?

शिरोळचा_चालक
दादा, मालकाची पुण्यात दोन एजंटांशी ओळख आहे. दहातल्या पाच-सहा वेळा पत्रा नाहीतर भंगार मिळतं. बाकी वेळा रिकामी येते. जाताना टनाला ११०० रुपये मिळतात. येताना उक्तं भाडं, साधारण १४ हजार.

वारणाकाठ
बरं. आता वही घ्या आणि माझ्याबरोबर लिहा. मी बारा चाकीचाच हिशेब करतो.

बारा चाकीचं एकूण पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून कायद्याने चालणारं वजन, ३५ टन. गाडी आणि हौदा मिळून ११ टनांच्या आसपास जातात. म्हणजे माल २४ टन. २४ गुणिले ११०० म्हणजे जातानाचं भाडं २६,४००.

शिरोली ते चाकण २६५ किलोमीटर धरा. भरलेली गाडी खंबाटकी आणि कात्रज धरून लिटरला ३.२ देईल, रिकामी ५ देईल. जाताना ८३ लिटर, येताना ५३. ९१ रुपयांनी डिझेल १२,४००. डीईएफ (धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी) ४००. टोल किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, दोन्ही वेळचा मिळून ४,००० धरा. बारा चाकी चार अ‍ॅक्सलची असल्यामुळे टोल वरच्या गटात जातो, तुमच्या आत्ताच्या दहा चाकीचा आकडा धरू नका. भत्ता २,५००. वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) आणि किरकोळ १,२००. बेरीज २०,५००.

रिकामी आलात तर खेपेमागे ५,९०० उरतात. भरून आलात तर १४ हजार जास्त येतात, पण डिझेल, कमिशन, वाराई मिळून ४ हजार जातात. म्हणजे १५,९०० उरतात.

आता महिन्याचा न चुकणारा खर्च. ३५ लाखांना १० टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ७४,४००. विमा महिन्याला ७,५००. टॅक्स, परमिट, पासिंग ३,५००. सर्व्हिस आणि दुरुस्ती १०,०००. टायर लोक धरतच नाहीत. बारा टायर, एकाचे २३ हजार, आणि ८० हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला साडेतीन रुपये होतात. दहा खेपांचे ५,३०० किलोमीटर म्हणजे १८,०००. बेरीज १,१३,४००.

दहाच्या दहा खेपा रिकामे आलात तर ५९,००० उरतात. महिन्याला ५४ हजारांचा खड्डा.
दहापैकी सात वेळा भरून आलात तर १,२९,००० उरतात. हातात १५,६००. तुमचा पगार यापेक्षा जास्त आहे.
दहाही वेळा भरून आलात तर १,५९,०००. हातात ४५,६००.

गाडी तीच, इंजिन तेच, ड्रायव्हर तोच. फरक पडला तो येतानाच्या भाड्यामुळे. आणि ते भाडं तुमच्या मालकाच्या ओळखीचं आहे, तुमच्या नाही. म्हणून मी ते आधी विचारलं.

शिरोळचा_चालक
दादा, तीन वेळा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. मालक महिन्याकाठी किती मिळवतो हे आम्ही ड्रायव्हर लोक नेहमी अंदाजाने बोलतो, त्यात टायर आणि रिकामी खेप कधीच धरत नाही. भत्ता मात्र माझाच राहील ना, मीच चालवणार आहे?

वारणाकाठ
राहील, पण रस्त्यात जेवण, चहा, आंघोळ, पार्किंग यात किती जातो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. उरेल तो धरा हवा तर. पण तुम्ही आजारी पडलात तर बदली ड्रायव्हरला द्यावा लागतो, आणि पगारही.

फाळका
मी चेसिसवर हौदे बांधतो, त्यामुळे माझ्या कामातलं तेवढं सांगतो.

कास्टिंग हा वजनी माल. २४ टन माल हौद्याच्या तळाशी बसतो, वर सगळा हौदा मोकळा. त्यामुळे उंच बॉडी, लांब बॉडी याचा काही उपयोग नाही. उलट जितकं लोखंड जास्त, तितका माल कमी. टनावर भाडं असेल तर हौद्याचं अर्धा टन जास्तीचं वजन म्हणजे प्रत्येक खेपेला साडेपाचशे रुपये कमी, गाडी असेपर्यंत. पण तळाचा पत्रा पातळ घेऊ नका. कास्टिंगचे क्रेट फोर्कलिफ्टने आपटतात, दोन वर्षांत तळ पोटासारखा खाली येतो. तळ जाड, फाळके (हौद्याच्या बाजूच्या उघडणाऱ्या भिंती) हलके, आणि फाळक्याचे बिजागर चांगले, एवढं बघा. मागचा फाळका रोज दहा वेळा पडतो.

कापूस, रिकामे क्रेट, प्लॅस्टिक, फर्निचर भरणार असाल तर हे सगळं उलटं. तिथे गाडी वजनाने नाही, जागेने भरते, आणि लांबी-उंची लागते. म्हणून माल ठरल्याशिवाय चेसिसची लांबीसुद्धा ठरवू नये. चेसिस आली आणि मग विचारायला आलेली माणसं मी पुष्कळ बघितली आहेत.

अजून एक. नवीन गाडी घेताना लिफ्ट अ‍ॅक्सलची घ्या. रिकामं येताना एक अ‍ॅक्सल वर उचलला की तेवढे टायर घासत नाहीत.

घाटरस्ता
मेकॅनिक आहे, महामार्गावरच गॅरेज आहे. हॉर्सपॉवरचं विचारलंय म्हणून लिहितो.

३५ टन घेऊन खंबाटकी चढायची तर २०० च्या आसपासचं इंजिनही चढतं, २५० चंही. फरक असा की कमी ताकदीचं इंजिन सतत खालच्या गिअरमध्ये, वरच्या आरपीएमवर रडत चढतं. त्याने डिझेल, क्लच आणि वेळ तिन्ही जातात. सपाट रस्त्यावर फिरणाऱ्याला तीच ताकद फुकट पडते. तुमच्या रस्त्यावर घाट कायमचा आहे, त्यामुळे थोडी जास्त घ्या. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनकडूनच वेग आवरणारा) चालतो की नाही हे उतारावर बघून घ्या, शोरूमच्या आवारात नाही. उतारावर फक्त पायाच्या ब्रेकवर गाडी आणली की ड्रम तापतात, आणि तापलेले ड्रम धरत नाहीत. घाटात खाली उलटलेल्या गाड्या बघितल्या की यातल्या किती याच कारणाने गेल्या असतील याचा विचार येतो.

आता बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम. १ एप्रिल २०२० पासूनच्या सगळ्या गाड्या बीएस-६ आहेत. धुराड्यात दोन गोष्टी आल्या. एक डीपीएफ, तो काजळी धरतो आणि अधूनमधून ती जाळतो. लांब पल्ल्यावर हे आपोआप होतं. पण गावातल्या गावात, बंद-चालू करत फिरणाऱ्या गाडीचा डीपीएफ तुंबतो, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी उभी करून ती काजळी जाळावी लागते. दिवा लागलेला असताना पुढे पुढे चालवत राहिलात तर इंजिन आपली ताकद कापतं, आणि शेवटी कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत गाडी जागची हलत नाही. दुसरी गोष्ट एससीआर, तो धुरातला विषारी वायू कमी करतो, त्याला डीईएफ लागतं. म्हणजे साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. डिझेलच्या साधारण पाच टक्के खर्ची पडतं. ढाब्यावर सुट्या कॅनमध्ये स्वस्तात मिळतं ते कधीही घालू नका. लिटरला वीस रुपये वाचवून लाखावरचं काम आलेल्या गाड्या माझ्याकडे उभ्या राहिल्या आहेत.

कंपनी कुठली? तुमच्या रस्त्यावर, दर शंभर किलोमीटरवर जिचं सर्व्हिस सेंटर आहे आणि रात्री फोन उचलला जातो, ती. एकदा रात्री अकराला सातारा, कराड, कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरना खरंच फोन लावून बघा.

रात्रपाळी
मी पण ड्रायव्हरच. एवढंच म्हणतो की केबिन बघून घ्या. २०२५ पासून नवीन अवजड गाडीला एसी केबिन बंधनकारक झाली, ते चांगलंच झालं. पण सीटला कंबरेचा आधार आहे का, मागचा झोपायचा बाक पाय पसरण्याएवढा आहे का, हे शोरूममध्ये बूट काढून, आडवं पडून बघा. आयुष्यातल्या अर्ध्या रात्री तिथे जाणार आहेत.

कर्जखातं
मी वाहनकर्जाच्या कामात बारा वर्षं आहे. कुठल्या कंपनीत ते सांगत नाही.

शोरूममध्ये "फक्त सात टक्के" असं कुणी म्हटलं तर विचारा, फ्लॅट का रिड्युसिंग? फ्लॅटमध्ये तुम्ही कर्ज फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच मोजतात. ३५ लाखांवर सात टक्के फ्लॅट, पाच वर्षं, म्हणजे व्याज १२ लाख २५ हजार आणि हप्ता ७८,७५०. हेच रिड्युसिंगमध्ये, म्हणजे फक्त उरलेल्या कर्जावर व्याज धरून, मांडलं तर साडेबारा टक्के पडतात. वारणाकाठ यांनी दहा टक्के रिड्युसिंग धरून ७४,४०० काढलेत, तेव्हा तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा.

कर्जाच्या रकमेत काय काय मिसळलंय तेही विचारा. पहिल्या वर्षाचा विमा, कर्जाचा विमा, प्रोसेसिंग, कधी कधी हौद्याचा खर्चसुद्धा कर्जात घालतात. हौद्याचं कर्ज वेगळ्या, महाग व्याजाने असतं पुष्कळदा. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, एक हप्ता चुकला तर किती, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

आणि पहिला हप्ता. चेसिस ताब्यात मिळाल्यापासून हप्ता मोजतात. हौदा बांधायला तीन-चार आठवडे, मग पासिंग, मग परमिट. गाडी पहिलं भाडं मारेपर्यंत दीड महिना जातो आणि तोवर एक हप्ता दारात येऊन उभा राहतो. हौदेवाल्याकडे रांग किती आहे ते बघूनच चेसिस उचला.

माझ्याकडे ज्यांच्या गाड्या ओढून आणायची वेळ आली, त्यातले बहुतेक आळशी नव्हते, व्यसनी नव्हते. पहिल्या सहा महिन्यांत एक मोठी दुरुस्ती किंवा एक बुडालेलं बिल आलं, आणि हातात शिल्लक काहीच नव्हती. ८ लाखांतले सगळे ८ डाउन पेमेंटला घालू नका. तीन हप्त्यांएवढे पैसे बाजूला राहणार नसतील तर ती गाडी आज तुमच्या ऐपतीची नाही. हे मी नोकरीच्या विरुद्ध बोलतोय, पण घरातलं सोनं काढलंय असं वाचलं म्हणून लिहिलं.

हिशेबाची_वही
माझे वडील गाडीमालक होते. एकच गाडी, दहा चाकी. हिशेब आठवीपासून मी लिहायचे.

कर्जखातं यांनी बुडालेल्या बिलाचं लिहिलंय, ते आमच्या घरात घडलं. वडिलांनी एका मोठ्या रस्त्याच्या कामावर गाडी लावली होती. कंत्राटदाराकडून महिन्याला ठरलेले पैसे, रिकामी खेप नाही, एजंट नाही. सगळे म्हणाले नशीब काढलंस. पहिले दोन महिने पैसे वेळेवर आले. तिसऱ्या महिन्यापासून "वरून बिल पास झालं नाही". डिझेल मात्र रोज रोख. आपले पैसे अडकलेत म्हणून गाडी काढताही येईना आणि चालवावीही लागे. साडेचार महिन्यांनी थोडे मिळाले, बाकीचे कधीच नाही. तोपर्यंत तीन हप्ते थकले होते. गाडी गेली. वडील पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर चढले तेव्हा ५१ वर्षांचे होते.

वही अजून माझ्याकडे आहे. त्यात प्रत्येक खेपेला डावीकडे भाडं आणि उजवीकडे "मिळाले तारीख" असा रकाना मी केला होता. त्या पानांवर उजवा रकाना रिकामाच आहे. म्हणून दादा, भाडं किती मिळेल याच्याबरोबर किती दिवसांनी मिळेल हेही विचारा. फाउंड्र्यांची बिलं ४५ दिवसांनी, ६० दिवसांनी निघतात असं ऐकते. तुमच्या दहा खेपांचं डिझेलच सव्वा लाखाच्या वर जातं. दोन महिन्यांचं डिझेल खिशातून घालायची तयारी आहे का? ट्रान्सपोर्टवाला मध्ये असेल तर तो ॲडव्हान्स देतो, पण मग दर कमी करतो. दोन्ही बाजू मांडून बघा.

वारणाकाठ
ताई, वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. तुम्ही सांगितलेला "मिळाले तारीख" हा रकाना मी आज माझ्या वहीत आखला.

उसाचा_फड
गाडी साखर कारखान्याला ऊस ओढायला लावायचा विचार कुणी डोक्यात घातला तर माझं ऐका. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला संपतो. पाच महिने. बाकीचे सात महिने तीच गाडी दुसरं भाडं शोधत फिरते, त्यातले चार पावसाचे. आणि गाडी लावायची तर तोडणी टोळी आपणच आणायची, मुकादमाला उचल आपणच द्यायची. ही उचल काही लाखांत असते. मुकादम उचल घेऊन आलाच नाही, दुसऱ्याच्या फडावर गेला, असं आमच्या तालुक्यात दर हंगामाला होतं. टोळीतल्या मजुरांचंही यात मरण आहे, त्यांच्यापर्यंत त्या उचलीतलं किती पोचतं हा वेगळा विषय. पण पहिल्याच गाडीवाल्याने दोन कर्जं डोक्यावर घेऊ नयेत, एक गाडीचं आणि एक टोळीचं.

निपाणी_नाका
सगळे भीती घालत आहात म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी २०१९ ला पहिली बारा चाकी घेतली. कोविडमध्ये हप्ते थांबले, पुन्हा सुरू झाले. आज गाडी नील आहे, म्हणजे कर्ज पूर्ण फिटलंय, आणि महिन्याला घर, मुलीचं इंजिनिअरिंग दोन्ही चालतं. पण मी एकाच रस्त्यावर राहिलो नाही. कोल्हापूर-बंगळूर, तिथून मिळेल ते भाडं, कधी चेन्नई, कधी हैदराबाद. लांब पल्ल्यावर महिन्याला आठ-नऊ हजार किलोमीटर होतात. हप्ता तेवढाच राहतो आणि तो जास्त किलोमीटरवर वाटला जातो. चाकणच्या खेपेत गाडी भरायला एक दिवस, उतरायला एक दिवस उभी राहते, खरी चोरी तिथे होते. त्यांना विचारा, गेटवर किती तास उभं करतात आणि उभं राहिल्याचे पैसे देतात का.

लांब पल्ल्याला नॅशनल परमिट लागेल. वर्षाची फी १६,५००.

शिरोळचा_चालक
निपाणी_नाका दादा, मुलगी तीन वर्षांची आहे. पंधरा पंधरा दिवस बाहेर राहायचं नाही म्हणून तर हा रस्ता धरून बसलोय. गेटवर सरासरी १४ तास जातात. उभं राहण्याचे पैसे एक कंपनी देते, दुसरी देत नाही.

एक प्रश्न. काही जण म्हणतात पासिंगपेक्षा चार-पाच टन जास्त भरलं की हिशेब बसतो. आमच्या रस्त्यावर करतात काही जण.

घाटरस्ता
नको. सरळ नको. जुलै २०१८ ला सरकारने अ‍ॅक्सलवरचं वजन आधीच वाढवून दिलं. दोन अ‍ॅक्सलची गाडी १६.२ टनांवरून १८.५ वर गेली, तीन अ‍ॅक्सलची २५ वरून २८.५. त्याच्यावर आणखी पाच टन घातले की पाटे तुटतात, हाउसिंगला तडा जातो, टायर फुटतो. आणि घाटातून उतरताना ते पाच टन मागून ढकलत असतात.

कर्जखातं
शिवाय पैशाचाही हिशेब बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पाच टन म्हणजे ३० हजार, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो. पाच टनांचं तुमचं भाडं साडेपाच हजार. ज्या गाडीचा हिशेब ओव्हरलोड धरल्याशिवाय जुळत नाही, ती घेऊच नका.

करसल्ला_सोलापूर
कराचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कराआधीची किंमत ३० लाख असेल तर सरळ ३ लाखांचा फरक. तुम्ही स्वतः जीएसटीत नोंदणी केलेली नसेल तर तो कर तुम्हाला परत मिळत नाही, गाडीच्या किमतीतच जातो. त्यामुळे हा फरक तुमच्यासारख्या एक गाडीवाल्याला जास्त कामाचा. शोरूमने जुन्या दराचं कोटेशन दिलेलं नाही ना, बघा.

प्राप्तिकरात दहापर्यंत गाड्या असणाऱ्यांना अंदाजे उत्पन्न दाखवायची सोय आहे. १२ टनांवरच्या गाडीला पासिंगच्या दर टनाला महिन्याला १ हजार. तुमची ३५ टनांची म्हणजे महिन्याला ३५ हजार, वर्षाला ४ लाख २० हजार. वही-खातं ठेवायचं बंधन राहत नाही. पण वही ठेवाच, सरकारसाठी नाही तर स्वतःसाठी. पॅन आणि दहा किंवा त्याहून कमी गाड्या असल्याचं पत्र दिलं की भाड्यातून टीडीएसही कापत नाहीत, पहिल्याच बिलाबरोबर द्या.

विम्यात थर्ड पार्टीचा भाग ठरलेला आहे. २० ते ४० टनांच्या गाडीला ४३,९५०, हा २०२२ चा दर. तो कुठेही तेवढाच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात कंपनीगणिक फरक पडतो, तिथे घासाघीस करा.

शिरोळचा_चालक
मंडळी, दहा दिवस लिहिलं नाही कारण सांगितलेलं करत होतो.

रात्री अकराला तीन सर्व्हिस सेंटरना फोन केले, दोघांनी उचलला. शोरूमचं कोटेशन पुन्हा काढलं, व्याज फ्लॅटच होतं, कुणीच सांगितलं नव्हतं. फाउंड्रीच्या डिस्पॅचला बसणाऱ्या साहेबांना सरळ विचारलं, माझी गाडी आली तर महिन्याला किती खेपा देणार. ते म्हणाले सहा नक्की, पुढचं बघू. बिल ४५ दिवसांनी. चाकणहून येणाऱ्या मालासाठी दोन एजंटांना स्वतः जाऊन भेटलो. एक म्हणाला मालकाला विचारून ये. दुसऱ्याने नंबर घेतला.

मालकाला हे सगळं खरं खरं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. तो म्हणाला, त्याची २०२१ ची दहा चाकी तो विकायच्या विचारात आहे, बीएस-६, मीच पहिल्या दिवसापासून चालवलेली. १९ लाख म्हणतोय. येतानाचे एजंटही जोडून देईन म्हणाला, पण वर्षभर त्याच्याच बिल्टीवर (माल वाहतुकीच्या पावतीवर, म्हणजे त्याच्या नावाने) चालवायची आणि खेपेला हजार रुपये त्याचे.

वारणाकाठ दादांच्या पद्धतीने मांडलं. ५ लाख माझे, त्यातले अडीच लाख बाजूला ठेवले, अडीच घातले. कर्ज साडेसोळा लाख. जुन्या गाडीला व्याज जास्त, १३ टक्के रिड्युसिंग सांगतात, चार वर्षांना हप्ता साधारण ४४,३००. सोनं घरातच राहतं. माल साडेअठरा टनच जाईल, पण टायर दहाच, टोलही आत्ता भरतो तेवढाच. दहापैकी सहा वेळा भरून आलो आणि भत्ताही माझाच धरला तर पगाराच्या आसपास येतं.

वारणाकाठ
आता तुम्ही मालकासारखं बोलायला लागलात. गाडीची खोड तुम्हाला माहीत आहे, याची किंमत कोटेशनमध्ये कुठेच दिसत नसते. १९ ला होय म्हणू नका. नव्याचा जीएसटी उतरला तशी जुन्याची किंमतही उतरली आहे, साडेसतरापासून बोला. आणि हजार रुपये खेपेला हे वर्षभरच, हे शंभराच्या नाही तर पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्या. ओळखीचा माणूस आहे म्हणूनच लिहून घ्या, म्हणजे ओळख टिकते.

घाटरस्ता
२०२१ ची, म्हणजे डीपीएफ एकदा तरी काढून साफ झालाय का विचारा. टर्बोचा पाइप काढून आत तेल आहे का बघा. चेसिसला वेल्डिंग कुठे आहे ते खाली शिरून बघा, तुम्ही चालवली असली तरी. शनिवारी रिकामी येत असाल तर गॅरेजवर घेऊन या, मी बघतो, पैसे नकोत.

हिशेबाची_वही
सोनं घरात राहिलं हे वाचून फार बरं वाटलं.

कर्जखातं
वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा, थकलेली चलनं, टॅक्स आणि फिटनेसची तारीख बघून घ्या. आठ वर्षांच्या आतल्या गाडीला फिटनेस दोन वर्षांनी असतं, याचं पुढचं कधी आहे ते कळेल. मालकाचं कर्ज बाकी असेल तर तुमच्या कर्जाचा चेक सरळ त्याच्या फायनान्स कंपनीच्या नावाने निघू द्या, मालकाच्या नाही. त्यांच्याकडून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) मिळाला की मग फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायच्या) सह्या. त्याआधी टोकन म्हणून फार तर दहा हजार द्या, तेही बँकेतून.

शिरोळचा_चालक
पोर्टलवर आत्ताच बघितलं. बोजा आहे अजून, आणि दोन चलनं थकलेली आहेत. त्यातलं एक माझ्याच हातून झालेलं, किणी नाक्याजवळचं. ते मी भरतो. घाटरस्ता दादा, शनिवारी दुपारी चारपर्यंत पोचतो.